हिमनदीवर इल्वा काय म्हणाली

वॉस, मंगळवार दुपार

प्रिय सुनिवा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू घाबरली असशील, म्हणून आधीच सांगते, मुलं ठणठणीत आहेत. या क्षणी दोघं परसातल्या झुडपांवरची आंबट लाल फळं तोडताहेत. म्हणजे इल्वा तोडतेय आणि ब्रागे खातोय. त्याचा शर्ट पाहिलास तर तुला वाटेल, याला कुणीतरी भोसकलंय. माझा विदार आणि रूना कालच कॅम्पर गाडी परत करायला बर्गनला गेले, त्यांची कामं सुरू झाली. मुलं रविवारपर्यंत माझ्याकडे आहेत, मग विदार येऊन त्यांना तुझ्या दारात सोडेल. हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, हल्ली ते कधी पोचेल याचा भरवसा नाही. शेजारचा आन्ब्योर्न गुरुवारी आगगाडीने तिकडे येतोय, तो तुझ्या पेटीत टाकेल. फोन असताना ही बाई पत्र का लिहीत बसली, हे मी सांगणार आहे, पण मला माझ्या पद्धतीने सांगू दे. तुला माहीतच आहे, दूध आणल्याचं सांगायचं झालं तरी मी घराला कुलूप लावल्यापासून सुरुवात करते.

तू बॅगेत भरून दिलेले लोकरीचे आतले कपडे कामी आले. जुलैत लोकर कशाला म्हणून विदार हसला होता, आणि योस्टेडालच्या दरीत पहिल्याच सकाळी स्वतःच मोजे मागत आला. ब्रागेचा एक मोजा मात्र गेला. तो त्याने नदीत पोहायला सोडला. पांढरट राखाडी पाणी, दुधात राख कालवल्यासारखं, त्यात मोजा दोन क्षण दिसला आणि नाहीसा झाला. ब्रागे म्हणाला, तो आता फ्योर्डच्या खाडीत राहील. मी नवा विणायला घेतलाय.

कॅम्पर विदारच्या कामावरच्या एका मित्राची होती. गाडी माझ्याहून जरा तरुण असेल, एवढंच. फ्रिजचं दार लागायचं नाही, म्हणून ते माझ्या स्कार्फने बांधलं होतं, आणि विकच्या घाटात वळण आलं की जॅमची बरणी आतून दार वाजवायची. झोपायची व्यवस्था अशी, की ड्रायव्हरच्या डोक्यावरचा माळा माझा आणि इल्वाचा. माझ्या गुडघ्यासकट मी ती शिडी कशी चढले हे विचारू नकोस. खालून विदार ढकलायचा आणि वरून इल्वा ओढायची, आणि ब्रागे बाजूला उभा राहून मोठ्याने सांगायचा, "आजी अर्धी गेली. आजी अजून अर्धीच."

आता रूनाबद्दल. तिचं नाव या पत्रात येणारच आहे, तेव्हा ते लवकर येऊन गेलेलं बरं. तू तिला दारातच काय ती दोनदा पाहिलीस. मीही त्याहून फार ओळखत नव्हते. बर्गनमध्ये ती बस चालवते, हे तुला माहीत असेल, त्यामुळे गाडी तिच्याच हातात होती. चालवते छान, अरुंद रस्त्यावर समोरून ट्रक आला की विदार श्वास रोखायचा आणि ती आरशात बघून शांतपणे मागे घ्यायची. मी घरून ठरवून निघाले होते, की तिच्याशी नीट वागायचं आणि तेवढ्यावर थांबायचं. सुनिवा, मला एकच सून होती. दुसरीसाठी मी मनात जागा करायला बसले नव्हते.

इल्वाचंही तसंच काहीसं होतं. ती रूनाशी वाईट वागते असं नाही. वाईट वागली असती तर तिला रागावता तरी आलं असतं. ती तिच्याशी दुकानातल्या बाईशी बोलावं तसं बोलते. धन्यवाद, नको, चालेल. फेरीबोटीवर रूनाने सगळ्यांसाठी ती लोणी-साखर लावलेली जाड गोड धिरडी आणली. इल्वा म्हणाली, "धन्यवाद, मला भूक नाही." आणि पाच मिनिटांत माझ्या ताटलीतलं अर्धं धिरडं तिच्या पोटात गेलं. रूनाने पाहिलं. उरलेलं कागदात गुंडाळून ब्रागेसमोर ठेवलं आणि खिडकीतून पाण्याकडे बघत बसली. तिने एखादा शब्द बोलून दाखवला असता, थोडंसं तोंड पाडलं असतं, तर मला सोपं गेलं असतं.

दरीत पोचलो आणि पाऊस लागला. गाडीच्या छपरावर ताशा वाजावा तसा. आम्ही पाचजण त्या एवढ्याशा टेबलाभोवती पत्ते खेळत बसलो. ब्रागे पत्ते लपवतो, हे तुला सांगायला नको. खेळता खेळता त्याने एकदम विचारलं, "रूना, तू आमची कोण?" विदारचा हात पत्त्यांवर थांबला. रूना म्हणाली, "मी ड्रायव्हर." "आणि बाबा?" "तो तिकीट तपासनीस. तुझं तिकीट दाखव बघू." ब्रागेने गंभीरपणे बदामाची राणी दाखवली, जी त्याच्या मांडीखालून निघाली. सगळे हसले. इल्वाने मात्र ओठ दातांत घट्ट धरून ठेवले. हसू येत होतं गं पोरीला, तिने ते गिळलं. त्या वेळी मला वाटलं, हट्टी आहे, बापावर गेलीय. हट्ट नव्हता तो, हे मला आज सकाळी कळलं.

दुसऱ्या दिवशी आभाळ मोकळं झालं आणि आम्ही हिमनदीवर गेलो. होडीतून तळं ओलांडताना मला सारखी तू आठवत होतीस. आपण सगळे इथे आलो होतो तेव्हा तू पोटुशी होतीस, इल्वाच होती पोटात. विदार आणि मी बर्फावर गेलो आणि तू माझ्या नवऱ्याबरोबर, आस्लाकबरोबर, काठावर थांबलीस. परत आलो तर तुम्ही दोघांनी दगडावर बसून तपकिरी चीज घातलेले आमचे सगळ्यांचे पाव संपवलेले. आस्लाक म्हणाला, "आम्ही तिघं होतो." तेव्हा बर्फ किती जवळ होता. आता होडीतून उतरल्यावर उघड्याबोडक्या खडकावरून चालतच राहावं लागतं. आपण ज्या जागी होतो तिथे नुसता घासून गुळगुळीत झालेला दगड आहे. मी इल्वाला म्हटलं, "मी इथे बर्फावर उभी होते." ती वर बघून म्हणाली, "मग तो तुझ्यापासून लांब पळाला."

वाटाडी म्हणून एक पंचविशीतली पोरगी होती, इथलीच, गालांवर ऊन बसलेलं. तिने सगळ्यांच्या कमरेला पट्टे बांधले, बुटांखाली लोखंडी काटे आवळले आणि एका लांब दोराला आम्हाला ओवलं. सगळं बांधून झाल्यावर ब्रागेला शू लागली. ते वेगळं लिहीत नाही. दोर ताणायचा नाही आणि पायातही येऊ द्यायचा नाही, एवढं तिने सांगितलं. सगळ्यात पुढे ती, मागे ब्रागे, मग विदार, मी, इल्वा आणि शेवटी रूना. इल्वाने जागा बदलून मागितली होती, तिला माझ्या पुढे यायचं होतं. वाटाडी म्हणाली, "मोठं माणूस शेवटी लागतं, आणि लहान माणूस दोन मोठ्यांच्या मध्ये."

बर्फावर पाय ठेवला की काय होतं, तू अनुभवलं नाहीस म्हणून सांगते. पहिल्यांदा वाटतं, मळका आहे. वाळू, खडे, काळी धूळ. मग काटे रुततात, करकर आवाज होतो आणि थोडं वर गेलं की भेगांमधून निळा रंग दिसायला लागतो, खोल, आतून दिवा लावल्यासारखा. खालून पाणी वाहत असतं. दिसत नाही, पण तळपायांना कळतं. ब्रागे सारखा म्हणत होता, "हा पोटात गुडगुड करतोय." माझा गुडघाही त्या दिवशी शहाण्यासारखा वागला.

असं चालत आम्ही एका फटीपाशी आलो. फार नव्हती, हातभर रुंद. ब्रागेलासुद्धा विदारच्या हाताला धरून ओलांडता आली. विदारमागून मी गेले. इल्वा तर उडी मारूनच आली. आणि दोर ताणला. मागे वळून पाहिलं तर रूना पलीकडच्या काठावर उभी. चेहरा पांढराफटक. हातातली बर्फाची कुदळ छातीशी धरलेली. एवढ्या मोठ्या बसा चालवणारी बाई, आणि तिच्या बुटांचे काटे बर्फावर टिकटिक वाजत होते. विदार पुढून ओरडला, "ये गं रूना, काही नाहीये ते." आपल्या विदारचं हे असं, तुला नवीन नाही. त्याला खरंच वाटतं, की काही नाही म्हटलं की काही राहत नाही. रूनाने मान हलवली. पुटपुटली, "मला नाही जमायचं. तुम्ही पुढे जा." दोराने बांधलेले असताना कोण कुठे पुढे जाणार.

तेव्हा इल्वा वळली. ती रूनाकडे वळल्यामुळे मी आता तिच्या पाठीशी होते, त्यामुळे शब्द न् शब्द मला ऐकू आला. ती फटीच्या अलीकडे पाय रोवून उभी राहिली आणि म्हणाली, "जमेल का ते नंतर बघू. आधी श्वास घे." रूनाने श्वास घेतला. "अजून एक. बर्फाकडे नको बघूस, माझ्याकडे बघ. आपल्याला कुठेही जायची घाई नाही." वाटाडी दोर गोळा करत मागे आली होती, पुढे होऊन मदत करणार होती, पण पोरीचा आवाज ऐकला आणि जागच्या जागी थांबली. इल्वाने हात पुढे केला, तू दिलेला लाल हातमोजा घातलेला. "मी धरणार आहे. ओढणार नाही. तुला हवं तेव्हा ये." मग रूनाने तो हात धरला आणि पाऊल टाकलं.

सुनिवा, ते बोल कुणाचे आहेत हे मला त्याच क्षणी कळलं. सांडविकच्या समुद्रस्नानाच्या फळीवर इल्वा पाच वर्षांची असताना उभी होती, दात वाजत होते, आणि तू खाली गार पाण्यात हात वर करून तरंगत होतीस. मी टॉवेल घेऊन पायऱ्यांवर होते. उडी मारायची का ते नंतर बघू, आधी श्वास घे, पाण्याकडे नको बघूस, माझ्याकडे बघ. तुझे ओठ निळे पडले होते, तरी तू म्हणत होतीस, कुठेही जायची घाई नाही. तुझी पोरगी ते जसंच्या तसं घेऊन हिमनदीवर गेली, आणि जिच्याशी ती धड बोलत नव्हती तिला त्या शब्दांवर पलीकडून अलीकडे घेऊन आली. माझे डोळे भरून आले. विदारने विचारलं तर मी म्हटलं, ऊन बर्फावरून डोळ्यांत येतंय.

मग इल्वाने रूनाचा हात सोडला नाही. नियमाने दोघींत अंतर हवं होतं, दोर मध्ये लोंबत होता, तरी वाटाडीने चालू दिलं. खाली खडकावर आल्यावर रूना मटकन बसली आणि हसता हसता रडली. म्हणाली, "रोज पुलावरून माणसं भरून बस नेते मी, आणि हातभर फटीपुढे माझी ही गत." ब्रागे म्हणाला, "तुझ्या बसला दोर बांधायला पाहिजे." इल्वा खळखळून हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. नंतर होडीची वाट बघताना मी रूनाला विचारलं, "एवढी भीती वाटते तर काठावर का नाही थांबलीस?" ती म्हणाली, "थांबले असते तर मी पाहुणीच राहिले असते, बोरघिल्ड." मी तिला माझ्या थर्मासमधली कॉफी दिली. आता तुला खोटं कशाला सांगू, मला ती आवडली.

परतीच्या दिवशी इल्वा पुढे बसली, रूनाच्या शेजारी. घाटातून गाडी कशी उतरवायची, ब्रेक का दाबून धरायचे नाहीत, हे सगळं विचारत होती. आणि मग विक मागे टाकलं, आणि पोरगी हळूहळू गप्प होत गेली. पोटात दुखतंय म्हणाली. रूनाने गाडी थांबवली, तर म्हणाली, "धन्यवाद, मी आजीजवळ बसते." पुन्हा ते दुकानातल्या बाईशी बोलणं. रूनाचा चेहरा बघवला नाही. घरी आल्यावरही पोट दुखतच होतं. काल रात्री जेवली नाही. ताप नाही, काही नाही, मी नीट पाहिलं. काळजी करू नकोस, आज दुपारी तिने बटाटे आणि मासे पोटभर खाल्ले, आणि ते का, तेच आता सांगते.

सकाळी आम्ही दोघी फळं तोडत होतो. ब्रागे झोपला होता. ती झुडपाच्या पलीकडे होती, मला तिचे हात तेवढे दिसत होते. ती म्हणाली, "आजी, आईला सांगू नकोस." "काय गं?" "मी रूनाचा हात धरला ते." मी म्हटलं, "ते तर चांगलंच केलंस." "हो, पण खूप वेळ धरला. भीती गेल्यावरपण." मी फळं तोडत राहिले, तिच्याकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर ती थांबली असती. मग ती म्हणाली, "बाबाकडे रूना आहे. ब्रागेला सगळेच आवडतात. आईकडे मी एकटीच आहे ना. मी जर रूनाकडेपण गेले तर आईकडे कोण राहील?" सुनिवा, नऊ वर्षांची आहे ती. धिरड्याला नको म्हणणं, ओठ चावणं, ते पोटात दुखणं, सगळं त्यासाठी. ती तुझ्या बाजूने पहारा देत होती गं.

मी काय बोलले ते फार शहाणपणाचं नव्हतं. मी म्हटलं, तुझी आई मला चांगली माहीत आहे. तुझे आस्लाक आजोबा आजारी होते आणि बाबा समुद्रातल्या तेलविहिरीवर कामात अडकला होता, तेव्हा तुझी आई रोज इस्पितळात यायची. आजोबांची दाढी करायची. त्यांना फुटबॉलचे निकाल मोठ्याने वाचून दाखवायची, हरलेल्या सामन्यांत चार गोल स्वतःच्या पदरचे घालून. आजोबा ना तिचे वडील होते, ना रक्ताचे कुणी. तरी तिचं स्वतःच्या बाबांवरचं प्रेम त्यामुळे वाटीभरही कमी झालं नाही. इल्वाने विचारलं, "आई आजोबांना खोटे गोल सांगायची?" म्हटलं, "हो, आणि त्यांना ते माहीत होतं." ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, "तरीपण आईला वाईट वाटेल." त्यावर मी नाही म्हणू शकले नाही. लेकरांशी खोटं बोलायला तुझ्यासारखं कौशल्य लागतं, माझ्याकडे ते नाही. म्हटलं, कदाचित थोडं वाटेल. मोठ्या माणसांना थोडं वाईट वाटलं तर चालतं, ती त्यातून बाहेर येतात. ते सांभाळणं तुझं काम नाही.

मग मी तिला विचारलं, "मी सांगू का आईला?" तिने बादलीतली सगळी पानं एकेक करून वेचून टाकली, तेवढा वेळ विचार केला. म्हणाली, "सांग. पण फोनवर नको. फोनवर आई लगेच 'किती छान' म्हणेल, आणि मला तिचा आवाज ऐकू येईल." म्हणून हे पत्र. ती तुझा आवाज ओळखते गं, मीही ओळखते. तुम्ही वेगळे झाल्यापासून मी फोन केला की तू "सगळं छान आहे, बोरघिल्ड" म्हणतेस त्या आवाजात, आणि मी ठेवून देते. तेव्हा रविवार यायच्या आत तुला जेवढं रडायचं ते रडून घे, चिडायचं तर चिड, माझ्यावर चिड. आणि रविवारी दार उघडशील तेव्हा किती छान म्हणू नकोस. तिला जवळ घे आणि तूच आधी विचार, की रूना ती फट ओलांडू शकली का. बाकीचं ती सांगेल. तुझ्या तोंडून रूनाचं नाव ऐकलं की पोरीच्या अंगावरचं ओझं उतरेल, ते दुसऱ्या कुणालाच उतरवता येणार नाही, मला नाही आणि रूनाला तर नाहीच. आणि मुलं विदारकडे असतील त्या आठवड्यात तू आगगाडीत बस आणि इकडे ये. खोली तयार करून ठेवते. घटस्फोट विदारने घेतलाय, मी कुठल्याही कागदावर सही केलेली नाही.

तुझीच,
बोरघिल्ड